पाळी थांबली म्हणजे प्रश्न संपला का?

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण थांबला होता. पारलिंगी पुरुष. म्हणजे जन्माच्या वेळी नोंद मुलगी अशी झाली, पण तो पुरुष आहे आणि तसाच जगतो. म्हणाला, "सर, दोन वर्षं टेस्टोस्टेरॉन घेतोय, पाळी बंद आहे. आता दिवस राहण्याची भीती नाही ना?" मी म्हटलं, अरे, मी तत्त्वज्ञान शिकवलं, हे डॉक्टरांना विचार. तर म्हणाला, "गेलो होतो. स्त्रीरोग विभागाच्या खिडकीवर सांगितलं, पुरुषांची रांग पलीकडे."

आजचा विषय त्या खिडकीवरून आला. नंतर मी वाचलं, जाणकार डॉक्टरांशी बोललो. ते आधी सांगतो.

टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. त्याने पाळी बहुधा थांबते, पण बीज सुटणं दर वेळी थांबतंच असं नाही. आणि क्रम लक्षात घ्या: बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. त्यामुळे पाळी नसतानाही गर्भ राहू शकतो. अमेरिकेत 2014 साली, बाळंत झालेल्या 41 पारलिंगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना टेस्टोस्टेरॉनमुळे पाळी बंद असतानाच दिवस राहिले होते. शिवाय हे औषध गर्भाच्या वाढीला घातक ठरू शकतं. म्हणून नकळत राहिलेला गर्भ हा दुहेरी धोका.

मग उपाय काय? ज्याला गर्भाशय आणि बीजकोश आहेत आणि ज्याच्या जोडीदाराकडून शुक्रजंतू येऊ शकतात, त्याला उपाय हवाच. जोडीदार पारलिंगी स्त्री असेल आणि इस्ट्रोजेन घेत असेल, तरी त्यावर विसंबू नये. तांबी चालते, तिच्यात हार्मोन नसतं. हार्मोनची तांबी चालते. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, सरकारी योजनेतलं 'अंतरा', तेही चालतं. निरोध आहेच. नेहमीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, म्हणून अनेक जण त्या टाळतात. कोणाला काय मानवेल, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आता दुसरी बाजू. काहींना पुढे मूल हवं असतं. बीजं गोठवून ठेवायची तर ते शक्यतो हार्मोन सुरू करण्याआधी, आणि बीजकोश काढण्याआधी तर नक्कीच. टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर बाळंत झालेले पुरुषही आहेत. 2023 च्या फेब्रुवारीत कोझिकोडला एका पारलिंगी जोडप्याला बाळ झालं, ते पुरुषाच्या पोटी. जन्मदाखल्यावर आई-बाप कोणाला म्हणायचं, हा वाद केरळ उच्च न्यायालयात गेला. 2025 मध्ये न्यायालयाने 'पालक' असं लिहायला मुभा दिली. मात्र आपला 2021 चा साहाय्यित प्रजनन कायदा अजून 'दांपत्य' आणि 'स्त्री' याच शब्दांत बोलतो.

इथे माझा विषय सुरू होतो. 'तू कोण आहेस?' आणि 'तुझ्या शरीरात कोणते अवयव आहेत?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही. आपण मात्र 'स्त्रीबीज' म्हणतो, 'स्त्रीरोग' म्हणतो, आणि शब्दातच दोन्ही प्रश्न बांधून टाकतो. स्वीडनने 2013 पर्यंत तर, कागदावर लिंग बदलायचं असेल तर आधी निर्बीजीकरण करून घ्या, अशी अट ठेवली होती. म्हणजे ओळख हवी तर मुलाची शक्यता सोडा! मूल हवं की नको, हे ठरवण्याचा हक्कच तिथे गेला.

र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा लोकांना हा विषयच उच्चारायला नको होता. आज विषय चालतो, पण तो बाईचाच असं आपण धरून चालतो. खिडकीवरच्या माणसाचा हेतू वाईट नसेलही. त्याने चेहरा पाहिला आणि प्रश्न विचारलाच नाही.

तो तरुण नंतर मैत्रिणीला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी आधी विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" आणि मग विचारलं, "मूल हवंय का, आत्ता की पुढे?" दोन्ही प्रश्न, वेगवेगळे. एवढंच करायचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.