बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये भिंतीवरचं बटण का चालत नाही?

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, गोरेगावसारख्या गावात, लाईट गेली की बॅटरीच कामाला येते. बाजारातून १२ व्होल्टचा छोटा इन्व्हर्टर आणायचा, ट्रॅक्टरच्या किंवा घरच्या बॅटरीला जोडायचा आणि मध्ये भिंतीवरचं १६ अँपिअरचं बटण टाकायचं. २३० व्होल्टला चालणारं बटण १२ व्होल्टला का चालणार नाही, असं कुणालाही वाटेल. पण हिशेब उलटा आहे.

समजा, इन्व्हर्टरवर ५०० वॅटचा भार आहे. २३० व्होल्टच्या बाजूला त्यासाठी जेमतेम २.२ अँपिअर करंट लागतो. बॅटरीच्या बाजूला व्होल्टेज कमी, म्हणून करंट जास्त. इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के वीज वाया जाते असं धरलं, तर १२ व्होल्टला सुमारे ४९ अँपिअर. बॅटरी उतरून १०.५ व्होल्टवर आली की तोच आकडा ५६ वर जातो. १६ अँपिअरचं बटण इथे कसं टिकणार? बटणाच्या आतले संपर्क झिजून तिथला रोध ओहमचा शंभरावा भाग इतका जरी झाला, तरी ५० अँपिअरला २५ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लास्टिकच्या आत एक सोल्डरिंग आयर्नच चालू ठेवल्यासारखं.

दुसरी अडचण ठिणगीची. घरातल्या एसी विजेचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही. १२ व्होल्टला ठिणगी फार टिकत नाही, तिथे खरा धोका उष्णतेचा. ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर मात्र ती ताणली जाऊन संपर्क जाळते किंवा चिकटवून टाकते. मग बटण बंद दिसतं, करंट चालूच.

त्यामुळे बटणावरची खूण पाहावी. लहरीसारखी रेघ म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. वरच्या उदाहरणात डीसीसाठीचा, ८० ते १०० अँपिअरचा बॅटरी कट-ऑफ स्विच घ्यावा. डीसी एमसीबी वापरायचा असेल तर त्यावरच्या प्लस-मायनसच्या खुणा पाळाव्यात. काही एमसीबी उलटे जोडले तर ठिणगी विझवू शकत नाहीत.

इन्व्हर्टरच्या तोंडावरचं छोटं बटण बहुतेक वेळा फक्त आतल्या सर्किटला इशारा देतं. ते बंद केलं तरी जाड वायरांत बॅटरीचा दाब असतोच, म्हणून दुरुस्तीआधी कट-ऑफ बंद करणं गरजेचं. तोही भार काढल्यावरच बंद करावा.

स्विच घेतला तरी फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या प्लस टोकाजवळ. वायर घासून शॉर्ट झाली, तर पुढचा स्विच काहीच करू शकत नाही. स्विच मात्र बॅटरीच्या बंद पेटीत नको: चार्ज होताना लेड-ऍसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते.