आधी पडले, की आधी डोके दुखले?

सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरताना तुम्ही पाहिले असेल की, ती सगळीकडे सारखी फुगत नाही. जेथे रबर झिजलेले असते तेथे छोटा फुगा येतो आणि पंप मारत राहिले तर तोच फुगा वाढत जातो. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या बाबतीतही काही माणसांत असेच घडते. रोहिणीला जेथे फाटा फुटतो, तेथील भित्तिका कमकुवत असली तर रक्ताच्या दाबाने ती बाहेर फुगते. या फुग्याला रोहिणीविस्फार किंवा ॲन्युरिझम म्हणतात.

एकदा आलेला फुगा धोक्याचा का, हे लाप्लासच्या नियमावरून कळते. गोलाकार पातळ भित्तिकेसाठी हा नियम असा :

भित्तिकेतील ताण = दाब × त्रिज्या ÷ २

रक्ताचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरइतका, म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल धरू. फुग्याची त्रिज्या ३ मिलिमीटर असेल तर ताण दर मीटरला सुमारे २० न्यूटन येतो. त्रिज्या ६ मिलिमीटर झाली की, दाब तोच असूनही ताण ४० न्यूटन होतो. शिवाय फुगताना भित्तिका पातळ होते, ते वेगळेच. मात्र जिवंत भित्तिका रबरासारखी नसते. ती आपली डागडुजी करीत असते. शंभर प्रौढांपैकी सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही.

फुटला तर मात्र रक्त मेंदूवरील जाळीदार आवरणाखाली पसरते. आयुष्यात कधी दुखले नव्हते इतके डोके क्षणात दुखू लागते, आणि पुढचा प्रत्येक तास मोलाचा ठरतो. म्हणजे न फुटलेला फुगा आणि फुटलेला फुगा हे वैद्यकाच्या दृष्टीने दोन निराळे आजार आहेत. कागदावरही ते निराळेच दिसायला हवेत.

त्यासाठी जगभर रोगांचे संकेतांक वापरतात. ज्याक बर्तिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागो येथील परिषदेत मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत गेल्या. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या वेळी ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही समावेश झाला. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली असली, तरी पुष्कळ ठिकाणी दहावीचेच संकेतांक चालतात. येथेही आपण तेच घेऊ.

या यादीत 'आय' हे अक्षर रुधिराभिसरणाच्या रोगांचे आहे. न फुटलेला ॲन्युरिझम म्हणजे आय-६७.१. मेंदूच्या आवरणाखाली आपोआप झालेला रक्तस्राव म्हणजे आय-६०. त्यापुढे टिंब देऊन कोणती रोहिणी फुटली ते सांगतात. पुढच्या बाजूच्या दोन रोहिण्यांना जोडणारी असेल तर आय-६०.२, मेंदूच्या तळाची असेल तर आय-६०.४, कळलेच नसेल तर आय-६०.९.

आता एक काल्पनिक रुग्ण घेऊ. भोर तालुक्यातील, झुलत्या पुलासाठी ओळखल्या जाणाऱ्या आंबवडे गावचे एक शेतकरी आहेत. दुपारी बांधावर काम करताना त्यांचे डोके एकाएकी भयंकर दुखू लागले. गावातील डॉक्टरांजवळ रक्तदाबमापक आणि अनुभव आहे, मेंदूत डोकावण्याचे यंत्र नाही. ते 'अचानक उद्भवलेली तीव्र डोकेदुखी' असे लिहितात. तिचा संकेतांक आर-५१. पुण्याच्या रुग्णालयात सी. टी. स्कॅनमध्ये रक्त दिसते. संकेतांक होतो आय-६०.९. मग रोहिण्यांत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून चित्रे घेतात. ही अँजिओग्राफीची युक्ती एगास मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये प्रथम मेंदूसाठी वापरली. तीत फुटलेली जागा सापडते आणि आय-६०.२ लिहिता येते.

यांपैकी पहिला संकेतांक चुकीचा होता का? नाही. साध्या पट्टीने मोजून २.३ सेंटिमीटर लिहिणारा विद्यार्थी चुकत नाही. त्याच पट्टीने मोजून २.३१४ लिहिणारा चुकतो. टिंबापुढचा अंक तपासणीने मिळवावा लागतो.

आता गोष्टीत एकच बदल करू. ते शेतकरी बांधावरून खाली पडलेले आढळले आणि कपाळाला खोक पडली आहे. स्कॅनमध्ये तेच रक्त दिसते. पण डोक्याला मार लागूनही आवरणाखाली रक्त साचते आणि त्याचा संकेतांक अगदी वेगळ्या प्रकरणात आहे : एस-०६.६, म्हणजे इजा. पडल्यामुळे रक्तस्राव झाला, की रक्तस्रावामुळे ते पडले? मार लागूनच झाला असे धरले, तर फुग्याचा शोध मागे पडू शकतो. आणि एकदा फुटलेला फुगा उपचार न झाल्यास पुन्हा फुटण्याची भीती असते.

येथे उपयोगी पडतो शेजारच्या वावरात काम करणारा माणूस. 'आधी डोके धरून ओरडले, मग खाली कोसळले, तेव्हा दोन वाजले होते,' एवढे त्याने सांगितले आणि डॉक्टरांनी ते शब्दशः टिपून घेतले, तर त्या एका ओळीने तपासाची दिशा बदलते. म्हणून घरात किंवा शाळेत असा प्रसंग आलाच, तर रुग्णाला तातडीने हलवा आणि काय आधी घडले, काय नंतर व किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.

रुग्ण दगावला तरी क्रमाचे महत्त्व संपत नाही. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतात. त्यात तत्काळ कारण वर आणि मूळ कारण खाली, अशी साखळी लिहायची असते. तेथे नुसते 'हृदय बंद पडले' लिहून काहीच कळत नाही, कारण ते प्रत्येक मृत्यूत बंद पडते. गावागावांतून अशाच नोंदी जमल्या, तर कोठे कोणती सोय हवी हे ठरवायचे कशावरून?

आता तुम्हीच संकेतांक द्या.

(१) अर्धशिशीसाठी केलेल्या तपासणीत एका बाईंना न फुटलेला फुगा आढळला.
(२) झाडावरून पडलेल्या मुलाच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्त आहे. पडण्यापूर्वी तो ठणठणीत होता.
(३) फुगा फुटल्याने रक्तस्राव झाला आहे, पण अँजिओग्राफीत मेंदूच्या तळाची रोहिणी दोषी दिसली.

उत्तरे : (१) आय-६७.१ (२) एस-०६.६ (३) आय-६०.४.