शेपटी बारीक झाली? वयाला दोष देऊ नका

अमेरिका-युरोपात हौसेने पाळला जाणारा लेपर्ड गेको हा पालीचा प्रकार नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो. त्याचा चरबीचा साठा शेपटीत असतो. ती काडीसारखी झाली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये; क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीमुळेही ती वाळते. विष्ठा तपासून घ्यावी, आणि दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावं.

सर्वांत जास्त जपायचं ते कात टाकताना. बोटाभोवती कातीचं बारीक कडं अडकतं, रक्त पोहोचत नाही, बोट काळं पडून गळतं. पावलं बुडतील एवढ्याच कोमट पाण्यात त्याला थोडा वेळ ठेवावं, मग ओल्या कापसाच्या काडीने कडं हलकेच सोडवावं. ओढणं नकोच. ओलसर शेवाळ भरलेला डबा लपायला कायम हवा.

लेपर्ड गेकोचा भाऊबंद, युब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्राच्या रानात राहतो; त्याला पकडून घरी आणू नये.

कॅल्शियम आणि डी-3 जीवनसत्त्व कमी पडलं की जबडा मऊ होतो, पाय वाकतात. नजर अधू झालेल्या गेकोला रातकिडा चिमट्याने तोंडाशी धरून भरवावा. उबदार कोपरा साधारण 32 अंश सेल्सियसवर ठेवावा, कारण उबेशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही.