न पिणाऱ्याला बक्षीस कशाला द्यायचे?

विहारात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होतो. पन्नास-साठ माणसे जमतात, पंचशील ग्रहण होते आणि एखादा तरुण सर्वांसमोर उभा राहून 'आजपासून दारू बंद' म्हणून सांगतो. टाळ्या वाजतात. पंधरा दिवसांनी तोच तरुण पुन्हा पिऊन घरी जातो. मग तो विहाराकडे फिरकतच नाही, कारण तिथल्या प्रत्येकाने त्याची शपथ ऐकलेली असते.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे नवीन नाही. त्या तरुणाला पाचवे शील माहीत असते, बावीस प्रतिज्ञा माहीत असतात, घरच्यांचे हाल तर रोज दिसतात. तरी गाडी अडते. याचे एक कारण असे की घोटाचा आनंद आत्ता मिळतो आणि सोडण्याचा फायदा महिन्यांनी दिसतो. व्यसन जडलेला मेंदू समोरच्या गोष्टीकडे धावतो. तब्येत सुधारेल, घरात शांतता येईल, चार पैसे साठतील, हे सगळे त्याला फार लांबचे वाटते.

हे अंतर कमी करण्यासाठी अमेरिकेत एक उपचारपद्धत तयार झाली. तिला 'कंटिन्जन्सी मॅनेजमेंट' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचे तर, तपासणीत नशा आढळली नाही की लगेच छोटे बक्षीस द्यायचे.

पद्धत कशी चालते?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांवर ही पद्धत वापरली. आठवड्यातून ठरावीक दिवशी लघवीची तपासणी व्हायची. पहिला नमुना स्वच्छ निघाला की अडीच डॉलरचे व्हाउचर मिळे. पुढच्या प्रत्येक स्वच्छ नमुन्याला रक्कम सव्वा डॉलरने वाढे, आणि सलग तीन स्वच्छ नमुन्यांना १० डॉलर वेगळे. रोख पैसे हातात दिले जात नसत. व्हाउचरवर उपयोगी वस्तू घेता येत.

पाय घसरला तर? रक्कम पुन्हा अडीच डॉलरवर येई. त्यानंतर सलग पाच नमुने स्वच्छ दिले की माणूस घसरण्यापूर्वीच्या रकमेवर परत पोहोचे. ओरडा नाही, केंद्रातून हकालपट्टी नाही. परतीची वाट आधीच आखून ठेवलेली होती.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४० रुग्ण होते. समुपदेशन सर्वांना सारखेच मिळाले, व्हाउचर मात्र निम्म्यांनाच. व्हाउचर मिळालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांनी २४ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. इतरांमध्ये हे प्रमाण ४० टक्के होते.

खर्च कमी व्हावा म्हणून कनेक्टिकट विद्यापीठातील नॅन्सी पेट्री यांनी चिठ्ठ्यांची पद्धत आणली. तपासणी स्वच्छ आली की रुग्ण बरणीतून चिठ्ठी काढतो. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत बरणीत ५०० चिठ्ठ्या असतात. निम्म्या चिठ्ठ्यांवर फक्त 'शाब्बास' लिहिलेले, बाकीच्यांपैकी बहुतेकांवर किरकोळ वस्तू, काहींवर मोठी वस्तू आणि एकाच चिठ्ठीवर १०० डॉलरचे बक्षीस. दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या ४२ माजी सैनिकांवरील त्यांचा अभ्यास २००० साली आला. बक्षीस गटातील ८४ टक्के लोक आठ आठवडे उपचारात टिकले, दुसऱ्या गटातील फक्त २२ टक्के. २०११ पासून अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने ही पद्धत आपल्या उपचार केंद्रांत आणली.

ही लाच नाही का?

हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जाईल. जो कधी प्यालाच नाही त्याला काही नाही, आणि पिणाऱ्याला बक्षीस? पण प्रसूती दवाखान्यात व्हावी म्हणून सरकार २००५ पासून जननी सुरक्षा योजनेतून पैसे देते. कारखान्यात पूर्ण हजेरीचा बोनस मिळतो. त्याला आपण लाच म्हणत नाही. चुकीचे काम करवून घेण्यासाठी दिली जाते ती लाच. इथे माणूस स्वतःच्याच भल्याचे अवघड काम करत असतो.

अमेरिकेतील मूलनिवासी समाजाबरोबर झालेला एक अभ्यास आपण विशेष लक्षात घ्यावा. 'हे लोक पिणारच' असा शिक्का त्या समाजावर पिढ्यान् पिढ्या मारला गेला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन मूलनिवासी समुदायांच्या भागीदारीत १५८ प्रौढांचा सहभाग होता. बक्षीस गटात दारूमुक्त नमुन्यांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जास्त निघाले. योग्य उपचार दारात आला तेव्हा माणसे दारूपासून दूर राहिली. असे शिक्के कसे मारले जातात, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

मर्यादा आणि आपले काम

बक्षीस थांबले की अनेकांमध्ये परिणाम ओसरतो. म्हणून त्या काही महिन्यांत समुपदेशन, रोजगार आणि चांगली संगत उभी करावी लागते. तपासणी खरी हवी, बक्षीस त्याच दिवशी हवे आणि नियम सर्वांना सारखे हवेत. हे काम प्रशिक्षित केंद्राचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम दारू बंद करायला लावणे धोक्याचे असते. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे न्या. माहितीसाठी १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

मग कार्यकर्त्याने करायचे काय? वर्षाच्या शपथेऐवजी आठवड्याचा हिशेब ठेवा. माणूस उपचाराला गेला तर त्याच दिवशी त्याचे कौतुक करा. आणि तो घसरला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. त्याला सांगा, रविवारी वंदनेला ये, तुझी जागा तशीच आहे.