व्याख्यान आणि कार्यशाळा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

विद्यापीठीय जीवनात व्याख्यान आणि कार्यशाळा हे दोन शब्द बहुधा जोडीने उच्चारले जातात. वार्षिक अहवालात त्यांची नोंद एकाच शीर्षकाखाली होते आणि त्यामुळे दोन्हींचे प्रयोजन एकच असल्याचा समज रूढ होतो. वस्तुतः व्याख्यान हे झालेल्या अभ्यासाचे निवेदन असते, तर कार्यशाळा हे न झालेल्या अभ्यासाचे साधन असते. हा भेद पुसला गेला की मराठीच्या अध्यापनाचे नेमके काय नुकसान होते, हे बीड जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहता येईल. साधनांनी संपन्न आणि साधने हाताळण्याच्या सरावात मात्र दरिद्री, अशी या जिल्ह्याची स्थिती आहे.

सार्वजनिक व्याख्यानाची मराठी परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हावयास १९१४ साल उजाडले. तरीही भारतीय भाषांच्या अभ्यासकाला त्यांच्याकडे वळावे लागले, कारण त्यांच्यामागे सिद्ध झालेला अभ्यास होता. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाने डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमालेच्या रूपाने हाच उपक्रम महाविद्यालयांपर्यंत नेला.

मराठवाड्याची वाट वेगळी होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने येथील मराठी विद्यार्थ्याला उच्च शिक्षण दीर्घकाळ परभाषेतून घ्यावे लागले. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले, तरी बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, विद्यापीठाकडेच राहिला. अशा प्रदेशात मराठीतून विद्वत्तापूर्ण व्याख्यान ऐकावयास मिळणे ही काही काळ अपूर्वाईच होती. नरहर कुरुंदकरांसारखा वक्ता मराठवाड्यात लोकशिक्षक ठरला, याचे एक कारण या अपूर्वाईत शोधावे लागते.

बीडच्या श्रोत्याचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविले पाहिजे. कीर्तनाच्या संस्कारामुळे तो दोन-दोन तास एकाग्र बसू शकतो. एका चरणाचे विवरण लांबत गेले तरी त्याचे सूत्र सुटत नाही. व्याख्यात्याला असा श्रोता भाग्यानेच लाभतो. मात्र कीर्तनकाराला मध्येच थांबवून शंका विचारण्याची रीत नाही, आणि हीच सवय सभागृहातही येते. कार्यशाळेत ती सर्वस्वी घातक ठरते.

कार्यशाळेचे प्रचलित रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. उद्घाटन, शाल-श्रीफळ, बीजभाषण, साधनव्यक्तींची एकामागून एक भाषणे, भोजन, समारोप आणि प्रमाणपत्र. प्रश्नोत्तरांसाठी राखलेली दहा मिनिटे आभारप्रदर्शनात जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या शैक्षणिक कामगिरीला गुणांकात बसविल्यानंतर प्रमाणपत्राचे मोल कामापेक्षा वाढले, हे अमान्य करता येणार नाही. अध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही. पदोन्नती कागदावर अवलंबून असेल तर तो कागद मिळवणारच. परंतु दिवसभरात सहभागी व्यक्तीने एकही पोथी, नोंद अथवा प्रत स्वतः वाचली नसेल, तर त्या दिवसाला कार्यशाळा हे नाव शोभत नाही.

मुकुंदराजांचा प्रश्न या दृष्टीने अत्यंत बोलका आहे. 'विवेकसिंधु' शके १११० मधील, म्हणजे इ. स. ११८८ चा, असे परंपरेने मानले जाते. त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखविली जाते, तर विदर्भातील अभ्यासकांनी वैनगंगेच्या काठच्या आंभोऱ्याचा पक्ष मांडला आहे. शिवाय उपलब्ध प्रतींची भाषा १२९० च्या 'ज्ञानेश्वरी'हून अर्वाचीन वाटते, हा आक्षेप आहेच. अंबाजोगाईच्या व्यासपीठावरून या विषयावर व्याख्यान होते तेव्हा निर्णय बहुधा आधीच ठरलेला असतो, आणि टाळ्याही. कार्यशाळेचा मार्ग निराळा असावयास हवा. कालनिर्देश आणि स्थलनिर्देश करणाऱ्या ओव्यांचे निरनिराळ्या प्रतींतील पाठ समोर ठेवावेत. कोणत्या प्रतीत त्या आहेत, कोणत्या प्रतीत नाहीत, लेखनिकाने रूपे कोठे नवी केली असावीत, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहावे. निर्णय लागला नाही तरी चालेल. पाठभेद म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळेल. पाठचिकित्सेवरील दहा भाषणांनी ते कळत नाही.

दासोपंतांच्या (१५५१-१६१५) पासोडीबाबतही असेच म्हणता येईल. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचे विवरण लिहिणारा हा ग्रंथकार पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात आटोपला जातो. पट्टीसारख्या कापडावर मजकुराची मांडणी कशी होते, चित्राकृती आणि ओवी यांचा संबंध काय, हे छायाचित्रांच्या साह्याने सहज अभ्यासता येईल. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्याशी निगडित शिलालेखही अंबाजोगाईतच आहेत. मोडी कागदपत्रांबरोबर निजामी राजवटीचे उर्दू दप्तर हे या जिल्ह्याच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. मराठीच्या संशोधकाला मोडी यावी, हे आता सर्वांना पटते. उर्दू लिपीची तोंडओळख हवी, हे मात्र अद्याप कोणी फारसे बोलत नाही.

साधने केवळ प्राचीनच असतात असे नव्हे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे, आणि पदव्युत्तर वर्गात या कुटुंबांतील मुलेमुली बसतात. त्यांच्या घरच्या बोलीत 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोची तोडणी करणारी जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. 'उचल' ही मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. 'खाडा' म्हणजे कामावरील गैरहजेरी आणि तिच्यापोटी कापला जाणारा पैसा. 'कोपी', 'वाढे', 'मोळी', 'डोकी सेंटर' या शब्दांत एक संपूर्ण अर्थव्यवस्था साठविलेली आहे. ग्रामीण आणि दलित साहित्यावरील निबंध लिहिताना हाच विद्यार्थी आपल्या घरचे शब्द टाळतो व समीक्षेतील उसनी परिभाषा वापरतो. शब्दसंग्रहाच्या कार्यशाळेत तो साधनव्यक्ती ठरेल आणि अध्यापकाला त्याच्याकडून नोंद करून घ्यावी लागेल. शब्द कोणी उच्चारला, कोणत्या गावी, कोणत्या वाक्यात, एवढे चार रकाने असलेली वही त्यासाठी पुरेशी आहे.

येथे वेळापत्रकाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो वरकरणी वाटतो तितका गौण नाही. अनुदानाचा हिशेब ३१ मार्चपूर्वी पूर्ण करावयाचा असल्याने बहुसंख्य कार्यशाळा जानेवारी ते मार्च या काळात भरतात. गाळप हंगामही नेमका तेव्हाच चालू असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात असतात. काही विद्यार्थी आईवडिलांबरोबर फडावर जातात, काही गावी धाकट्या भावंडांना आणि गुराढोरांना सांभाळतात. ज्यांच्या बोलीची नोंद करावयाची ते गावात नाहीत आणि ज्याने ती करावयाची तो वर्गात नाही, अशा दिवसांत लोकभाषेवरील कार्यशाळेचे उद्घाटन होते. जुलै ते सप्टेंबर या काळात टोळ्या घरी असतात आणि महाविद्यालयेही सुरू झालेली असतात. या काळात एक छोटी कार्यशाळा तालुक्याच्या गावी घ्यावयाची तर तिला वक्त्याच्या प्रवासखर्चाचीही फारशी गरज भासणार नाही.