खिशातला पडदा आणि भिंतीवरचा पडदा

आज घरोघरी दोन पडदे असतात, एक खिशात आणि एक भिंतीवर. खिशातल्या पडद्यावर साऱ्या जगाचे चित्र येते, पण ते एकट्याने पाहावे लागते. भिंतीवरचा पडदा मोठा आणि सर्वांचा. मात्र पुष्कळ घरी त्यावर नेहमीच्या वाहिन्यांखेरीज काही दिसत नाही. या दोघांची गाठ कशी घालावी, ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. उदाहरण घेतले आहे कतारमधील मराठी कुटुंबांचे.

कतार हा अरबी आखातातला लहानसा देश. वस्ती सुमारे तीस लाख, आणि त्यांत भारतीय सात लाखांहून अधिक. राजधानी दोहा येथे मराठी मंडळींचे महाराष्ट्र मंडळ आहे. आपले पूर्वज जहाजाने मॉरिशसला आले आणि इथलेच झाले. कतारमधल्या मराठी माणसाचे तसे नाही. तो नोकरीसाठी जातो, त्याचा राहण्याचा परवाना त्या नोकरीशी बांधलेला असतो, आणि म्हातारे आईवडील बहुधा गावीच राहतात. दोह्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे आठ आणि महाराष्ट्रात साडेनऊ झालेले असतात. कामावरून येऊन हातपाय धुवावेत, तोवर तिकडे आजीची निजायची वेळ होते. मधल्या अर्ध्या तासात घरातल्या चौघांनी वीतभर काचेवर डोकी टेकवून बोलायचे, तर कोणाचाच चेहरा धड दिसत नाही. म्हणून मोठ्या पडद्याची गरज.

जोडणीच्या वाटा तीन आहेत.

पहिली वाट तारेची. टीव्हीच्या मागे किंवा कडेला ‘एचडीएमआय’ असे लिहिलेली चपटी खाच असते. एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी तार मिळते. ती लावून टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबावे आणि ज्या खाचेत तार घातली तिचा क्रमांक निवडावा. पण तार विकत घेण्याआधी एक चौकशी अवश्य करावी. यूएसबी-सी खाच सर्व फोनांत सारखी दिसते, तरी तिच्यातून चित्र बाहेर पाठवण्याची सोय प्रत्येक फोनात नसते. स्वस्त फोनांत ती बहुधा नसतेच. फोनच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द आहे का, ते पाहावे. आयफोनमध्ये १४ पर्यंतच्या क्रमांकांना लाइटनिंगचा वेगळा जोड लागतो. २०२३ सालच्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आले.

दुसरी वाट आरशाची. फोनवर जे दिसते ते जसेच्या तसे बिनतारी टीव्हीवर उमटते. यातली ‘मिराकास्ट’ ही पद्धत २०१२ साली आली. तिला इंटरनेट लागत नाही. फोन आणि टीव्ही आपसांत बोलतात. अ‍ॅपलची पद्धत म्हणजे ‘एअरप्ले’.

तिसरी वाट धाडण्याची, म्हणजे ‘कास्ट’. गूगलने २०१३ मध्ये क्रोमकास्ट नावाचे छोटे यंत्र काढले तेव्हापासून ती घरोघरी गेली. इथे फोन चित्र वाहून नेत नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ते चित्र आणतो. म्हणून कार्यक्रम चालू असता फोन खिशात ठेवता येतो. मात्र दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर हवीत. अनेकजण मिळून राहतात अशा इमारतींत एका वाय-फायवरची यंत्रेही कधी कधी एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. तिथे ही वाट अडते आणि तारच उपयोगी पडते.

बिनतारी सोय आली म्हणून तार फेकून देऊ नये. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे जगभर एकाएकी अडली, कारण त्यांच्या आतल्या प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. कंपनीने दुरुस्ती पाठवीपर्यंत काही दिवस लोक खोळंबले. कार्यालाच वेळ असेल, उदाहरणार्थ गावच्या लग्नाचा मुहूर्त, तर हाताशी तार असलेली बरी.

आजीशी बोलताना आरशाची किंवा तारेची वाट घ्यावी. मात्र लक्षात ठेवावे की कॅमेरा फोनमध्येच असतो. फोन टीव्हीखाली उभा टेकवावा, म्हणजे आपण पडद्याकडे पाहिले तरी आजीला आपली नजर आपल्याकडे आहे असे वाटते. आवाज टीव्हीवर न आला तर फोनचा स्पीकर चालू करावा. आखाती देशांत काही अ‍ॅपांवरील बोलण्यावर बंधने घातली गेली आहेत. तेव्हा कोणते अ‍ॅप चालते ते तिकडच्या आप्तांनाच विचारावे. आणि एखादा चित्रपट लावताच टीव्ही काळा पडला, तर फोन बिघडला असे समजू नये. नक्कल होऊ नये म्हणून चित्रपटवालेच असे कुलूप घालतात.

आता सावधगिरीचे दोन शब्द. आरशात सर्व काही दिसते. पाहुणे बसलेले असताना बँकेचा सांकेतिक आकडा किंवा घरगुती निरोप भिंतीवर झळकू शकतो. आधी फोनवरील सूचना बंद कराव्यात. दुसरे असे की कोणी अनोळखी माणूस फोन करून ‘तुमचा स्क्रीन शेअर करा’ म्हणाला, तर मुळीच करू नये. टीव्हीला चित्र दाखवणे वेगळे आणि परक्याला आपला फोन उघडून देणे वेगळे. या मार्गाने पुष्कळांचे पैसे गेले आहेत.

वाचकहो, मॉरिशसमध्ये आपल्या मुलांच्या कानांवर दिवसभर क्रिओल आणि फ्रेंच पडते. दोह्यातल्या मराठी मुलांच्या कानांवर इंग्रजी, हिंदी, मल्याळम आणि अरबी. आजीचे मराठी वाक्य एका मुलाच्या कानातल्या यंत्रात शिरले तर ते तिथेच संपते. तेच बैठकीत मोठ्याने ऐकू आले तर एकाला समजते, दुसरा अर्थ विचारतो, तिसरा सांगतो. भाषा अशा विचारण्या-सांगण्यातूनच घरात टिकते. तेव्हा येत्या रविवारी घरातल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे, आणि वडीलधाऱ्यांना बटण कोणते ते एकदा नव्हे, तीनदा दाखवावे.