बाई, मी सांगू?

बिद्रीच्या एसटी स्टँडवर उभं राहून कुणालाही विचारा, "स्वप्नील कुसाळे कोण?" तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर येईल! "शेजारच्या राधानगरी तालुक्यातला! कांबळवाडीचा! ऑलिंपिकचं मेडल मारलंय त्यानं!"

अगदी बरोबर. तारीख १ ऑगस्ट २०२४. ऑलिंपिक पॅरिसचं, पण नेमबाजी होती शातोरू नावाच्या गावात. पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरहून लांब!

लक्ष्य उभं होतं ५० मीटरवर. त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ. केवढं असेल? ओळखा बघू! ताटलीएवढं? छे. रुपयाच्या नाण्याएवढं? तेवढंही नाही. फक्त १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं! आणि ते टिपायचं कसं? आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून. स्वप्नीलनं ४५१.४ गुण मिळवले आणि कांस्यपदक आपलं! नाद खुळा!

पण आपली गोष्ट इथून पुढं सुरू होते. म्हणजे स्वप्नीलनं रायफल खाली ठेवली तिथून.

छाती धडधडतेय. पोटात काही नाही. त्या दिवशी काही न खाता, नुसता काळा चहा पिऊन आपण खेळायला गेलो होतो, असं त्यानंच नंतर सांगितलं. आणि अशा वेळी समोर काय येतं? माईक!

मोठ्या स्पर्धांमध्ये बाहेर पडायची वाट मुद्दामच तशी काढलेली असते बरं का. खेळाडूला पत्रकारांच्या समोरूनच जावं लागतं. कठड्याच्या अलीकडे खेळाडू, पलीकडे माईकांची रांग. आधी टीव्हीवाले, मग रेडिओवाले, मग पेपरवाले. या वाटेला 'मिक्स्ड झोन' म्हणतात. बिद्रीच्या कारखान्यात ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरला वजनकाटा चुकत नाही ना? तसाच खेळाडूला मिक्स्ड झोन चुकत नाही. जिंकलास? ये. हरलास? तरी ये!

आणि तिथं जगभरचे पत्रकार. मग बोलायचं कुठल्या भाषेत?

"त्यात काय! इंग्रजीत," असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. थांबा. आधी डोक्याच्या आत डोकावून येऊ.

असं समजा, की तुमच्या डोक्यात एक वर्ग भरलाय. पहिल्या बाकावर मराठी बसलीय. मागच्या बाकावर इंग्रजी. बाईंनी प्रश्न विचारला, "कसं वाटतंय?"

मराठीचा हात लगेच वर! "बाई, मी सांगू? बाई, मी!" ती जन्मापासून या वर्गात आहे ना. तिला सगळं पाठ. इंग्रजीलाही उत्तर येतं, पण ती जरा आठवून, शब्द जुळवून बोलते.

आता ऐका नवल! पूर्वी काही शास्त्रज्ञांना वाटायचं, डोक्यात दिव्याला असतं तसं बटण असेल. इंग्रजीचं लावलं की मराठीचं बंद. पण प्रयोग केले तर वेगळंच दिसलं. तुम्ही इंग्रजी बोलत असता तेव्हाही मराठी झोपलेली नसते. जागीच असते, हात वर करून! म्हणून इंग्रजीला बोलू द्यायचं असेल तर बाईंना दोन कामं करावी लागतात. मागच्या बाकावरचं ऐकायचं, आणि त्याच वेळी पुढच्या बाकावरचीला "गप्प बस गं" म्हणायचं.

एरवी बाईंना हे जमतं. पण आत्ताच फायनल संपलीय. बाई पण थकल्यात! वर्गात गोंधळ चाललाय. अशा वेळी दोन-दोन कामं करणं सोपं आहे का, तुम्हीच सांगा.

म्हणून जगातले भलेभले खेळाडू काय करतात माहितीये? सरळ पुढच्या बाकावरचीला उभं करतात! लिओनेल मेस्सी २०२३ पासून अमेरिकेत खेळतोय, पण पत्रकारांपुढे बसला की स्पॅनिशच बोलतो. बेसबॉलवाला शोहेई ओहतानी २०१८ पासून अमेरिकेत आहे. पत्रकार परिषदेत तो जपानीत बोलतो आणि शेजारी दुभाषी बसतो. आपला नीरज चोप्रा भारतातल्या पत्रकारांशी हिंदीत गप्पा मारतो. आणि भर पत्रकार परिषदेत कुणी मराठीत प्रश्न टाकला, तर रोहित शर्मा मराठीत उत्तर देतो. स्वप्नीलही आपल्या मराठी वाहिन्यांशी मराठीतच बोलला की!

आपल्या भाषेत एक जादा फायदा असतो. विनोद वेळेवर सुचतो! २०२४ च्या जुलैमध्ये टी-२० विश्वचषक जिंकलेल्या मुंबईकर खेळाडूंचा विधानभवनात सत्कार झाला. सूर्यकुमार यादवनं फायनलमधल्या आपल्या प्रसिद्ध झेलाबद्दल मराठीत काय सांगितलं? एवढंच, की कॅच बसला हातात! सगळे हसले. मग रोहित उठला. म्हणाला, बरं झालं बसला, नाहीतर मी याला बसवला असता! संघाबाहेर, म्हणजे. पुन्हा हशा! आता हेच इंग्रजीत जुळवत बसला असता, तर हसायची वेळच निघून गेली असती.

पण मेस्सी स्पॅनिशमध्ये बोलला, तर इंग्रजी पत्रकाराला कळतं कसं?

इथं येतात दुभाषी. म्हणजे एका भाषेतलं ऐकून दुसऱ्या भाषेत सांगणारी माणसं. मोठ्या सभागृहात त्यांच्यासाठी मागच्या बाजूला काचेची छोटीशी खोली असते. कानावर हेडफोन, तोंडासमोर माईक. खेळाडू बोलतोय, तो थांबत नाहीये. दुभाषी ऐकतोय आणि त्याच वेळी दुसऱ्या भाषेत बोलतोय! कान एका भाषेत, जीभ दुसऱ्या भाषेत. बोलणाऱ्याच्या फक्त दोन-चार सेकंद मागं!

खोटं वाटतं? आज रात्री मराठी बातम्या लावा. बातमीदार जे बोलेल ते त्याच्या मागोमाग मोठ्यानं बोलत राहा. मराठीचं मराठीच, भाषांतर नको. तरी बघा, एका मिनिटात काय अवस्था होते! म्हणूनच असे दुभाषी जोडीनं बसतात. साधारण अर्ध्या तासानं पहिला थांबतो, दुसरा सुरू करतो. डोकं इतकं दमतं!

आणि आपली मराठी तर त्यांना चांगलीच खेळवते. समजा एक नेमबाज म्हणाला, "मला शेवटच्या गोळीच्या वेळी, सगळे माझ्याकडे बघत असताना, भीती वाटली…"

बिचारा दुभाषी इंग्रजीत सांगून मोकळा झाला, की याला भीती वाटली. आणि तेवढ्यात नेमबाज वाक्य पुरं करतो, "…नाही!"

झाली ना पंचाईत! मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही मागून येतं. इंग्रजीत दोन्ही सुरुवातीलाच हवं. मग दुभाष्यानं काय करायचं? थोडं थांबायचं, थोडा अंदाज बांधायचा आणि सगळं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं. जपानीतही असंच असतं. क्रियापद शेवटी, नकारही शेवटीच. ओहतानीच्या दुभाष्याला विचारा!

आणि तुमच्या बाजूनं बोलायला कुणीच नसलं तर? ते फार वाईट. ही गोष्ट पैलवान खाशाबा जाधवांची.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९५२ साली त्यांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं होतं आणि पैसे नव्हते. तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी काय केलं? स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये दिले! असे सर असतात बघा.

हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली. खूप वेळ चालली. मॅटवरून उतरतात न उतरतात, तोच पुकारा झाला. लगेच सोव्हिएत पैलवानाशी लढा! खरं तर दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण पंचांना हे ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथं नव्हता, असं सांगतात. खाशाबा दमल्या अंगानं उतरले आणि हरले.

तरी कांस्यपदक आणलंच! स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तेव्हा शेजारी कुणी बोलणारा असता तर? हा प्रश्न मला अजून छळतो. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. ते कुणाचं, हे तुम्हाला आता माहीत आहे!

बरं, सगळ्यात भन्नाट गोष्ट मी मागं ठेवलीय. टेनिसच्या मोठ्या स्पर्धांमध्ये सामना संपला की खेळाडू आधी इंग्रजीत प्रश्नोत्तरं करतो, मग आपल्या भाषेत. तुम्हाला वाटेल, आपली भाषा आली की सुटला एकदाचा!

पण १९९९ साली रेनाटा म्यूटर आणि ॲलन ऑलपोर्ट या दोन शास्त्रज्ञांनी एक साधाच प्रयोग केला. लोकांना पडद्यावर आकडे दाखवले. एका रंगावर आकडा दिसला तर तो आपल्या भाषेत म्हणायचा, दुसऱ्या रंगावर दिसला तर दुसऱ्या भाषेत. भाषा बदलली की सगळेच किंचित अडखळत होते. पण जास्त कधी अडखळले असतील? ओळखा!

दुसऱ्या भाषेतून आपल्या भाषेत परत येताना!

उलटंच की! असं का? चला पुन्हा आपल्या वर्गात. पहिल्या बाकावरची मराठी मोठ्या आवाजाची. तिला गप्प करायला बाईंना चांगलंच दटावावं लागलं होतं. आता अचानक बाई म्हणाल्या, "हं, तू सांग." ती फुगून बसलीय! तिला उठून बोलायला जरा वेळ लागणारच. मागच्या बाकावरचीला कुणी एवढं दटावलेलंच नव्हतं. ती पटकन उठते. हा वेळ किती? सेकंदाचा अगदी बारीक तुकडा. पण शास्त्रज्ञांच्या घड्याळानं तो पकडलाच!

आणि ज्यांना दोन्ही भाषा सारख्याच येतात त्यांचं काय? बार्सिलोनाकडे स्पॅनिश आणि कॅटलान अशा दोन्ही भाषांत वाढलेली खूप माणसं आहेत. त्यांच्यावर प्रयोग झाला, तेव्हा इकडून तिकडे जायला आणि तिकडून इकडे यायला सारखाच वेळ लागला. दोघीही पहिल्या बाकावरच्या!

हा प्रयोग घरी होतो बरं का. जुन्या वहीचा पुठ्ठा कापून अठरा पत्ते करा. नऊ लाल रंगवा, नऊ हिरवे. दोन्हींवर १ ते ९ आकडे लिहा. सगळे पत्ते पिसा. लाल आला की इंग्रजीत, हिरवा आला की मराठीत. भरभर! एकानं पत्ते टाकायचे, एकानं बोलायचं, एकानं चुका मोजायच्या. बघा, तुमचं लाल पत्त्यावर अडतं की हिरव्या?

मग सुट्टीत इंग्रजी माध्यमातला मावसभाऊ आला, की त्यालाही बसवा. त्याच्या डोक्यात पहिल्या बाकावर कोण बसलंय, ते कळतंय का बघा!